काचेआधीचा हात : नागपूरचा अजबबंगला आणि दृष्टिबाधित प्रेक्षक

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक आजही अजबबंगला म्हणूनच ओळखतात, ते १८६३ मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांत हा नवा प्रशासकीय प्रांत अस्तित्वात येऊन त्या वेळी जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांना या अपरिचित मुलखातील खनिजे, पिके, जमाती आणि जुने अवशेष यांची ओळख एका छताखाली करून देणारी संस्था हवी होती. अशा संस्थेचा इतिहास बहुधा संग्रहाच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणती वस्तू कोठे सापडली, ती केव्हा आली आणि कोणत्या दालनात मांडली गेली, याची ती नोंद असते. परंतु त्याच इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती म्हणजे संग्रहातील वस्तू कोणत्या इंद्रियाने जाणायची, हे कसकसे ठरत गेले. दृष्टिबाधित व्यक्तींसाठी संग्रहालय सुगम करण्याचा विचार आज बहुधा एक नवी सवलत म्हणून मांडला जातो. नागपूरच्या संग्रहाची पूर्वपीठिका तपासली असता मात्र असे दिसते की वस्तू हाताने पारखणे ही तेथली आधीची रीत आहे आणि ती केवळ डोळ्यांनी पाहायची, हा नंतर घातला गेलेला निर्बंध आहे.

संग्रहालय उभे राहण्यापूर्वी नागपूर परिसराचा सर्वांत चिकाटीचा संग्राहक म्हणून स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घ्यावे लागते. १८४५ पासून नागपुरात राहिलेल्या हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह शहरालगतच्या टाकळी येथे गोड्या पाण्यातील गोगलगायींचे आणि वनस्पतींचे जीवाश्म शोधले. ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे दोन थर साचण्याच्या मधल्या काळात तळ्यांमध्ये जो गाळ बसला, त्याच्या खडकांना भूविज्ञानात आंतरट्रॅप थर म्हणतात, आणि टाकळीचे जीवाश्म या थरांतील आहेत. भूविज्ञान हे त्या काळी मोठ्या प्रमाणात हाताचे शास्त्र होते. खडकाचा तुकडा हातोडीने फोडायचा, तळहातावर तोलून त्याचे वजन अजमावायचे, ताज्या पृष्ठभागावरून अंगठा फिरवून कण बारीक की भरड ते पाहायचे, आणि नखाने वा चाकूने ओरखडा काढून कठीणपणा ठरवायचा, ही क्षेत्रावरची नित्याची पद्धत होती. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेली आणि आजही वापरात असलेली काठिण्यश्रेणी, म्हणजे शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा खनिजांची चढती क्रमवारी, ही मुळात कोणते खनिज कोणावर ओरखडा काढते एवढ्याच निकषावर उभी आहे, आणि तिच्या पहिल्या दोन पायऱ्या नखानेच ओळखता येतात. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतत असता, पुराने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांच्या आदिवासी जमातींविषयीच्या टिपणांचे संपादन पुढे १८६६ मध्ये टेंपल यांनीच केले. म्हणजे ज्या वर्षी संग्रहालय स्थापन झाले, त्याच वर्षी त्याच्या विषयाचा सर्वांत जाणता माणूस गेला.

संग्रहालयाच्या बालपणातील दुसरी घटना म्हणजे डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात भरलेले कला, कारागिरी आणि उत्पादनांचे प्रदर्शन. अशा प्रदर्शनांचा हेतू शोभेपेक्षा व्यापाराचा अधिक असे, आणि व्यापाराला स्पर्श टाळून चालत नाही. कापसाचेच उदाहरण घेतले तर हिंगणघाटच्या कापसाची प्रत ठरवताना पुंजक्यातून चिमटीने तंतू ओढून काढणे, ते बोटांवर पुन्हापुन्हा समांतर करून त्यांची लांबी आणि ताकद पाहणे, याला पर्याय नव्हता. पांढरेपणा डोळ्यांना कळतो, पण तंतूचा कस बोटांनाच कळतो. १८६० च्या दशकात या प्रांताचे कापूस आयुक्त असलेले हॅरी रिव्हेट-कार्नॅक हेच पुढे नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले, आणि त्या वर्तुळांतील दगडांवर कोरलेले वाटीसारखे लहान खळगे, ज्यांना पुरातत्त्वात चषकचिन्हे म्हणतात, त्यांनी नोंदवून १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. कापूस पारखण्याची सवय आणि दगडावरचे खळगे हेरणे यांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह आवरता घेतला पाहिजे. तरीही त्या पिढीच्या संग्राहकांचे ज्ञान हाताशी किती जखडलेले होते, हे या योगायोगातून दिसते.

मग हात केव्हा आणि का बाजूला झाला? युरोपात सतराव्या आणि अठराव्या शतकांत संग्रह पाहायला आलेल्या पाहुण्याने वस्तू हाती घेणे हे शिष्टाचारात बसत असे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाला १७१० मध्ये भेट देणाऱ्या उफेनबाख या जर्मन प्रवाशाने, तेथे सहा पेन्स देऊन आत येणारे सामान्य लोक आणि स्त्रियासुद्धा सगळ्या वस्तू हाताळतात, अशी नाराजी नोंदवून ठेवली आहे. या नाराजीत वस्तूंच्या काळजीइतकाच कोणी हात लावावा याविषयीचा वर्गीय आक्षेपही उघड दिसतो. एकोणिसाव्या शतकात संग्रहालये सर्वसामान्यांसाठी उघडली, गर्दी वाढली, आणि वस्तू व प्रेक्षक यांच्यामध्ये काच आली. वसाहतीतील संग्रहालयांनी ही मांडणी तयार स्वरूपात उचलली. नागपुरातील उन्हाळ्याची धूळ, पावसाळ्यातील दमटपणा, कसर आणि वाळवी पाहता काचेच्या कपाटांची गरज खोटी म्हणता येत नाही. घामातील क्षार आणि त्वचेवरील तेलकट आम्ले धातूवर परिणाम करतात. तांब्याच्या वस्तूत क्लोराइड शिरले तर हिरवट भुकटी होऊन वस्तू आतून झिजत जाते, आणि वालुकाश्मावर हजारो हात फिरले की कोरीव रेषा बुजतात. संरक्षणाचे हे कारण खरेच होते. पण त्या कारणाच्या आडोशाने एक व्यापक समज रुजला, की संग्रहालयात ज्ञान मिळवण्याचा सभ्य मार्ग एकच आणि तो डोळ्यांचा.

महाराष्ट्राला या पेचाचे अधिक जवळचे उदाहरण पंढरपुरात सापडते. तेथे विठ्ठलमूर्तीच्या पायांवर डोके टेकवण्याची, म्हणजे पदस्पर्शदर्शनाची, परंपरा आहे, आणि त्या परंपरेत दृष्टिहीन वारकऱ्याला मिळणारे दर्शन डोळस वारकऱ्यापेक्षा तसूभरही कमी नसते. त्याच स्पर्शाने मूर्तीची झीज होते, म्हणून तिच्यावर वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे दगडाला बळकटी देणारी रासायनिक प्रक्रिया, करावी लागली आहे. अलीकडे २०२० मध्ये ती झाली. झीज होते म्हणून स्पर्श कायमचा बंद करावा, असा निर्णय तेथे घेतला गेला नाही. स्पर्श राहावा म्हणून झिजेचा बंदोबस्त केला गेला. तशीच पाषाणमूर्ती देवळातून संग्रहालयात आली की नेमके उलट घडते, आणि ज्या मूर्तीच्या पायांना पिढ्यानपिढ्या हात लागले, तिच्यापुढे दोरी लागते.

काचेबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे वस्तूशेजारची लिखित चिठ्ठी. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, आणि संग्रहालयातील चिठ्ठ्या प्रामुख्याने इंग्रजीत असत. १९३६ मध्ये मार्कम आणि हारग्रीव्ह्ज यांनी भारतातील संग्रहालयांचे जे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यातही निरक्षर प्रेक्षकांचा मोठा भरणा हा भारतीय संग्रहालयांचा ठळक विशेष म्हणून पुढे आला होता. वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांतून आलेला शेतकरी अजबबंगल्यात फिरताना वस्तू पाहू शकत होता, पण तिच्याविषयी जे लिहिले होते ते त्याच्यासाठी नव्हते. या अर्थाने दृष्टिबाधित प्रेक्षकाची अडचण ही एका मोठ्या अडचणीचे टोक आहे. चिठ्ठी वाचता न येणाऱ्या बहुसंख्यांसाठी बोलून समजावणारा माणूस नेमला असता, तर त्याच माणसाच्या आवाजाने दृष्टिहीन प्रेक्षकाचीही निम्मी वाट मोकळी झाली असती. संग्रहालयांनी मौनाला शिस्त मानले आणि दोघांनाही एकाच वेळी बाहेर ठेवले, असे म्हटल्यास ते कठोर ठरेल, पण चुकीचे ठरणार नाही.

विदर्भात दृष्टिहीनांच्या ज्ञानार्जनाची परंपरा संग्रहालयाच्या बाहेर, श्रवणाच्या आधाराने चालत आलेली होती. अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती, तरी वाचून दाखवणारे आणि सांगितलेले उतरवून घेणारे यांच्या साहाय्याने त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली, आणि प्रज्ञाचक्षू ही उपाधी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ही परंपरा थोर खरी, परंतु ती ग्रंथाच्या आणि वाणीच्या ज्ञानाची परंपरा होती. वस्तूच्या आकाराचे ज्ञान हा तिचा विषय नव्हता.

दृष्टिहीनांचे शाळेच्या रूपातील शिक्षण हिंदुस्थानात १८८७ मध्ये अमृतसर येथे सुरू झालेल्या अंधशाळेपासून मोजले जाते. मुंबईत १९०० मध्ये अ‍ॅना मिलर्ड यांनी सुरू केलेली अमेरिकन मिशनची शाळा, जी आज दादरला कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाते, आणि १९०२ मधील व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा या तिच्या पाठोपाठच्या संस्था होत. नागपुरात दक्षिण अंबाझरी मार्गावरील अंध विद्यालयाने हेच कार्य विदर्भासाठी केले. या शाळांपुढे मोठी अडचण लिपीची होती. फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा उठावदार ठिपक्यांची पद्धत भारतात आली, पण भाषेभाषेगणिक आणि मिशनगणिक तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. हा गोंधळ १९५१ मध्ये भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांसाठीची समान पद्धत स्वीकारल्यावर मिटला. एकच ध्वनी सर्व भाषांत शक्यतो एकाच ठिपकेरचनेने दाखवायचा, हे तिचे तत्त्व असल्यामुळे मराठी ‘क’ आणि तमिळ ‘क’ हाताला सारखेच लागतात. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना स्थापन झाली आणि स्वतंत्र भारतातील कामाला संघटित रूप आले.

तरीही लिपी मिळाल्याने एक उणीव भरून निघत नव्हती, आणि तिचे सर्वांत नेमके निदान स्वतः दृष्टिहीन असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफर्थ यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी केले. दृष्टिहीन मुले अनेक शब्द अचूक वापरतात, परंतु त्या शब्दांमागे त्यांचा स्वतःचा अनुभव नसतो. डोळसांचे वर्णन ती परत उच्चारतात एवढेच, अशी ही उणीव होती, आणि तिला मराठीत शाब्दिकता म्हणता येईल. कमळ लाल असते, हत्तीची सोंड लांब असते, शिखर उंच असते, ही वाक्ये परीक्षेत गुण मिळवून देतात. कमळाच्या पाकळ्या एकीवर एक कशा चढतात, शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा कशा रचलेल्या असतात, हे मात्र वाक्यातून हाती येत नाही. शाळेला ही उणीव भरून काढणे अवघड जाते, कारण तिच्याकडे वस्तू नसतात. वस्तू असतात संग्रहालयाकडे. नागपुरात या दोन्ही संस्था एकाच शहरात होत्या, आणि त्यांचे इतिहास परस्परांना जवळजवळ न शिवता समांतर चालले.

दोन्ही इतिहास एकत्र आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न इंग्लंडमधील संडरलंड या बंदराच्या गावी झाला. तेथील संग्रहालयाचे प्रमुख चार्लटन डीस यांनी दृष्टिहीन मुलांना आणि प्रौढांना बोलावून भरलेले प्राणी, हाडे, शस्त्रे आणि हत्यारे त्यांच्या हातात दिली, आणि १९१३ मध्ये त्या अनुभवावर संग्रहालय व्यावसायिकांपुढे सविस्तर निबंध मांडला. मुलांनी हाताळलेल्या वस्तू नंतर आठवणीने मातीत घडवाव्यात, ही त्यांची कल्पना विशेष लक्षणीय होती, कारण त्यामुळे हाताने किती टिपले आणि काय निसटले याचा पुरावाच समोर येत असे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातही त्याच सुमारास दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचे काम सुरू झाले होते. १९६६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना कला संग्रहालयाने दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र दालन उघडले. इटलीतील अँकोना येथे ग्रासिनी आणि बोत्तेगोनी या दृष्टिहीन दांपत्याच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ओमेरो हे स्पर्शसंग्रहालय स्थापन झाले आणि १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. स्वतंत्र दालनांवर पुढे टीकाही झाली, आणि ती रास्त होती. दृष्टिहीनांना इमारतीच्या एका कोपऱ्यात बोलावून बाकीची इमारत जशीच्या तशी ठेवणे, ही सुगमता अर्धीच असते. घरच्यांबरोबर आलेल्या माणसाला त्यांच्याचबरोबर फिरायचे असते.

भारतात या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलेले ‘अनुभव’ हे स्पर्शदालन. संग्रहातील निवडक वस्तूंच्या २२ प्रतिकृती, ब्रेलमधील माहिती आणि ऐकण्यासाठी ध्वनिमुद्रित वर्णन, अशी त्याची योजना होती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान जाहीर केले, आणि पुढे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजन यांचा स्वतंत्र उल्लेख होऊन कला दिव्यांग व्यक्तींना सुगम करणे, हे शासनाच्या कर्तव्यांत गणले गेले. याच कायद्याच्या परिशिष्टात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या निराळ्या व्याख्या आहेत. चांगल्या डोळ्याची, चष्मा लावूनही, दृष्टितीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी, तर अंधत्व; दृष्टितीक्ष्णता ६/१८ पेक्षा अधिक नसून ३/६० पर्यंत शिल्लक असेल, तर अल्पदृष्टी. ३/६० याचा अर्थ असा, की सामान्य दृष्टीच्या माणसाला ६० मीटरवरून जे दिसते, ते या व्यक्तीला ३ मीटरवर येऊन पाहावे लागते.

हा फरक संग्रहालयाच्या दृष्टीने तांत्रिक राहत नाही. २०११ च्या जनगणनेत पाहण्याच्या बाबतीत अक्षम म्हणून नोंदलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींपैकी अनेकांना काही ना काही दिसते, आणि ज्यांची दृष्टी मोतीबिंदू, काचबिंदू वा मधुमेहामुळे उतारवयात गेली, त्यांच्यापैकी फार थोडे ब्रेल शिकतात. म्हणून भिंतीवर ब्रेलची पाटी बसवली की संग्रहालय सुगम झाले, ही समजूत कामाची नाही. ब्रेलला जागाही फार लागते. ब्रेलचा एक अक्षरकोष सुमारे ६ मिलिमीटर रुंदीची जागा घेतो आणि मोठ्या कागदाच्या पूर्ण पानावर साधारण हजारच कोष मावतात, त्यामुळे डोळसांसाठीचा एक मध्यम परिच्छेद ब्रेलमध्ये पाटीवर न मावता पुस्तिकेत जातो. शिवाय पाटी उभ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावली तर मनगट मुरडून वाचावे लागते, तीच कमरेच्या उंचीवर तिरक्या फळीवर ठेवली तर हात सहज फिरतो. अल्पदृष्टीच्या प्रेक्षकाला याहून वेगळे हवे असते. मोठी अक्षरे, पार्श्वभूमीशी ठळक विरोध, काचेवर न परावर्तित होणारा प्रकाश. येथे संरक्षणाचा नियम पुन्हा आडवा येतो, कारण कापड, कागद आणि जलरंगातील चित्रे यांच्यावरचा प्रकाश सुमारे ५० लक्सच्या आत ठेवावा असा संग्रहालयशास्त्राचा संकेत आहे, आणि अंधुक दिसणाऱ्या माणसाला एवढ्या उजेडात जवळजवळ काहीच दिसत नाही. जुन्या वस्त्रावरचा प्रकाश वाढवता येत नसेल, तर त्याच विणीचा नवा तुकडा शेजारी हात लावण्यासाठी ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि विणकामाची जाण असलेल्या नागपूर-उमरेडच्या भागात असा तुकडा मिळणे अवघड नाही.

नागपूर परिसराच्या पुरावस्तूंमध्ये हाताला योग्य अशा वस्तूंची रेलचेल आहे, याचे कारण त्यांच्या उगमातच आहे. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत पुरलेला तांब्याच्या हत्यारांचा साठा सापडला. त्यात तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीच्या १०२ पातळ पत्र्याच्या वस्तू होत्या. तांब्याचे एकूण वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो भरले, आणि या साठ्याचा काही भाग नागपूरच्या संग्रहालयात आला. चपट्या कुऱ्हाडी, पहारीसारख्या लांब पट्ट्या, चांदीच्या गोल चकत्या आणि बैलाच्या शिंगाळ मुखाचे आकार असलेले पत्रे, हे सारे बाह्यरेषेने ओळखू येणारे आकार आहेत, आणि बोटांना बाह्यरेषा सर्वांत लवकर कळते. डोळा वस्तू एका झटक्यात पूर्ण घेतो; हात ती तुकड्यातुकड्याने गोळा करून मनात जुळवतो. त्यामुळे ज्या शिल्पात पन्नास आकृत्यांची दाटी आहे, ते डोळ्याला वैभवशाली वाटले तरी बोटांना गोंधळाचे होते, आणि एक साधी कुऱ्हाड त्यांना पुरेपूर बोलकी ठरते.

परंतु याच कुऱ्हाडीची प्रतिकृती करताना एक चूक हमखास होण्याजोगी आहे. प्रतिकृती बहुधा फायबरग्लास किंवा रेझिनमध्ये ओतल्या जातात, आणि रंग लावल्यावर त्या डोळ्यांना मूळ वस्तूसारख्याच दिसतात. गुंगेरियातील तांब्याच्या वस्तूचे सरासरी वजन ९०० ग्रॅमच्या आसपास येते. तेवढ्याच आकाराची रेझिनची भरीव वस्तू तिच्या सुमारे एक-सप्तमांश वजनाची होईल. दृष्टिहीन प्रेक्षकाच्या हातात अशी हलकी कुऱ्हाड देणे, म्हणजे डोळस प्रेक्षकाला हिरवा रंग दिलेले सोने दाखवण्यासारखे आहे. वजन, थंडपणा, ठोकल्यावरचा नाद, धारेचा बोथटपणा, हे गुण हाताच्या दृष्टीने वस्तूचे मूळ गुण आहेत. म्हणून तांब्याची प्रतिकृती तांब्यातच झाली पाहिजे, आणि ती तांबटाकडून ठोकून घेतली तर हातोडीचे पैलूही तिच्यावर राहतील.

जेथे प्रतिकृतीची गरजच नाही अशा वस्तूही विदर्भात विपुल आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, जेथे हिस्लॉप यांच्या काळापासून महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे सापडत आली, तेथे त्या प्राण्यांच्या विष्ठेचे अश्मीभूत गोळेही मोठ्या संख्येने मिळाले आहेत. पूर्णपणे दगड झालेल्या या गोळ्यांना शास्त्रात कॉप्रोलाइट म्हणतात. हाताळल्याने त्यांचे काही बिघडत नाही, आणि शालेय वयाच्या प्रेक्षकाला डायनोसॉरच्या काळाशी इतक्या तत्परतेने जोडणारी दुसरी वस्तू क्वचितच असेल. मनसर-कांद्रीकडील मँगनीजचे खनिज आणि नागपूरभोवतीचा काळा बेसाल्ट यांचे सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत दिले, तर मँगनीजचा तुकडा जवळजवळ दीडपट जड लागतो, आणि या भागात खाणी का निघाल्या हे सांगण्याची सुरुवात तेथून करता येते. वाकाटक राजवंशाच्या ताम्रपटांवरील अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटी कोरलेली असते, म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. नागपुरातच आयुष्य वेचलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या लेखांचे वाचन केले, त्यांतील चार-सहा अक्षरे हाताच्या बोटाएवढी मोठी करून धातूच्या पत्र्यावर खोदली, तर ती पेटी बोटाच्या टोकाला स्पष्ट लागेल.

जुनापाणीला तर काचच नाही. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या या स्थळी सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत, आणि त्यांतील काही दगडांवरची चषकचिन्हे रांगेत कोरलेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक यांना त्या रांगांमध्ये एखाद्या लिपीचा भास झाला होता. अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध दिशांशी आणि आकाशनिरीक्षणाशी लावून पाहिला आहे. ओळीने मांडलेल्या ठिपक्यांत अर्थ शोधणाऱ्या बोटांना ब्रेल वाचण्याची सवय असेल, तर ही चिन्हे मोजण्याच्या कामी त्यांचा उपयोग डोळसांहून अधिक होईल, असे मानायला जागा आहे, कारण शेवाळ आणि झीज यांमुळे दुपारच्या सरळ उन्हात उथळ खळगे नजरेतून सुटतात.

नागपुरातील नंतरच्या दोन संस्थांनी स्पर्शाचा प्रश्न अजाणता निराळ्या रीतीने सोडवला. १९९२ मध्ये सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र हे ज्या परंपरेतले आहे, तिच्यात प्रेक्षकाने कळ दाबावी, चाक फिरवावे, दोरी ओढावी हेच अपेक्षित असते. १४ डिसेंबर २००२ रोजी मोतीबाग येथे उघडलेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातील इंजिने आणि डबे तर हात लागण्यासाठीच घडवलेले होते. दृष्टिबाधितांसाठी म्हणून या दोन्ही संस्था योजल्या गेल्या नव्हत्या. तरी यंत्राला हात लावू देणारी संस्था आणि मूर्तीला हात लावू न देणारी संस्था एकाच शहरात असल्याने, स्पर्शबंदी हा संग्रहालयाचा स्वभावधर्म नाही, हे उघड होते.

कायद्याच्या बाजूने चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, २०१६ च्या अधिनियमाखालील नियमांपैकी सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम १५ हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि पाळणे बंधनकारक असेल असे किमान निकष तयार करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. मध्यवर्ती संग्रहालय हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे असे निकष आले की उतरण, पाटी, प्रकाश आणि ध्वनिवर्णन यांची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागेल. गुंगेरियाची कुऱ्हाड तांब्यात ठोकून घ्यायची की रेझिनमध्ये ओतायची, हे मात्र कोणत्याही निकषात लिहिलेले असणार नाही. ते अभिरक्षकाला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, ठरवावे लागेल, आणि ठरवण्यापूर्वी अंबाझरीच्या शाळेतील विद्यार्थ्यांच्या हातात दोन्ही नमुने देऊन पाहावे लागतील.